‘छान झालंय’च्या पुढचे प्रश्न

प्रिय मित्रा,

तुझ्या नव्या भाजणीच्या धंद्याबद्दलच्या पत्रात हिशेब दोन ओळींत आटोपलाय आणि प्रदर्शनात कोण काय म्हणालं याला दीड पान गेलंय. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करतो.

कौतुक हवंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. नोकरीत ते पगारवाढीबरोबर ठरल्या वेळी मिळतं. धंद्यात साहेब नसतो, म्हणून माणूस गिऱ्हाइकालाच साहेब करून टाकतो आणि भाव सांगताना त्याचा आवाज बसतो.

अर्ध्या किलोचं पाकीट घे. धान्य, डाळी, धणे-जिरे 40 रुपये. गॅस आणि दळण 14, पाकीट-लेबल 8, पोचवणं 6, तुझी मजुरी 12. झाले 80. (मजुरी तू धरलेलीच नाहीस, नवखे बहुतेक हेच करतात.) छापील किंमत 120, त्यातले 20 टक्के म्हणजे 24 दुकानदाराचे, हाती 96. जीएसटी बाजूला ठेवला तर पाकिटामागे 16 रुपये सुटतात. आता ‘जरा महाग वाटतंय’ एवढं ऐकून तू किंमत 110 केलीस, तर हाती येतात 88 आणि सुटतात 8. तेवढ्याच कमाईसाठी दुप्पट भाजणी भाजायची. मग घाई होते, आच मोठी होते, उडीद करपतो आणि पीठ कडवट लागतं. कडवट लागलं हे तुला कोणी तोंडावर सांगणार नाही. पुन्हा मागवणार नाहीत, एवढंच.

प्रदर्शनातल्या कौतुकाचंही तसंच. फुकट चाखलेल्या थालीपिठाला नावं ठेवायला कोण धजतं? चार माणसांच्या घरात हे पाकीट दोन-तीन आठवड्यांत संपायला हवं. म्हणून विकत नेणाऱ्यांचे फोन नंबर लिहून घे आणि सहाव्या आठवड्यात फोन कर. ‘कशी वाटली?’ विचारूच नकोस, उत्तर ‘छान’ असंच येतं. शेवटचं थालीपीठ कधी लावलं? पाकीट उरलंय का? आधी भाजणी कुठून आणायचात? एवढंच विचार आणि गप्प राहा. त्या शांततेत मधेच ‘पुढच्या वेळी सवलत देतो’ म्हणायची तुला हुक्की येईल, ती दाब.

सगळ्यात महाग कौतुक दुकानदाराचं. ‘माल एक नंबर आहे, दोन पेट्या ठेवून जा, पैशांचं बघू.’ यातलं पहिलं वाक्य ऐकून तू दुसरं मान्य करतोस. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून ठेव, ती फुकट होते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण मुदत बिलावर लिहायचीच लोकांना भीड पडते, ‘त्यांना काय वाटेल’ म्हणून. तू लिही, आणि तारखेनिशी.

एक जुना प्रयोग सांगतो. 1951 साली मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी माणसांना रेषांची लांबी ओळखायला लावली. शेजारी बसलेले सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्याकडे झुकली, डोळ्यांसमोर उघड दिसत असूनही. मात्र घोळक्यात एकजण जरी खरं बोलणारा असला, तर हे झुकणं आधीच्या साधारण चौथाईवर आलं. तुझ्या घोळक्यात असा एक हवा. नातेवाईक नको, धंद्यात पैसे गुंतवलेला तर नकोच. गिरणीवाला चालेल, त्याला दहा घरांच्या भाजण्या ठाऊक असतात. महिन्यातून एकदा त्याच्यापुढे पीठही ठेव आणि हिशेबाची वहीही.

पुरस्काराचं विचारलंस. ‘नोंदणी शुल्क 8,000, शाल-श्रीफळ, फोटो.’ हा 500 पाकिटांचा नफा झाला. हौस असेल तर खुशाल घे, पण खर्च घरखर्चात टाक, जाहिरातीत नको.

पहिले दहा फोन झाले की उत्तरं जशीच्या तशी मला पाठव. ‘छान आहे’ म्हणणारे गाळून.

तुझा,
काका