समुद्राची सुरक्षा एकाच खात्याकडे का देत नाहीत?

26/11 नंतरही मुंबईच्या समुद्रावर नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम, मत्स्यव्यवसाय खातं असे इतके जण कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी मत्स्यव्यवसाय खात्यात नोकरी केली आणि या बैठकांना बसलोय, म्हणून लिहितो.

सगळं एकाकडे देता येत नाही, कारण अधिकारच वाटलेले आहेत. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याचा विषय. नौदल आणि तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली. 2012 मध्ये एनसीटीसीचा, म्हणजे राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा, प्रस्ताव राज्यांच्या विरोधामुळे अडला. तो विरोध नुसता राजकीय होता असं मला वाटत नाही. गुप्तचर विभागाखालच्या संस्थेला अटकेचे अधिकार द्यायचे, ही साधी गोष्ट नव्हे.

2009 मध्ये निदान एक झालं: सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलावर टाकली आणि मुंबईसह चार ठिकाणी जॉइंट ऑपरेशन सेंटर, म्हणजे सगळ्या यंत्रणांची संयुक्त केंद्रं, ठरली. तरीही 31 जुलै 2011 ला खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं 'पवित' जहाज थेट जुहूच्या किनाऱ्याला लागलं. नौदल, तटरक्षक दल, पोलीस अशी तिहेरी गस्त होती, तरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रिकामं होतं म्हणून निभावलं.

मला खरी अडचण दिसते ती माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात. मासेमारी बोटींची नोंदणी आणि परवाने मत्स्यव्यवसाय खात्याकडे, पाण्यात बोट अडवणार पोलीस किंवा तटरक्षक दल. मध्यरात्री संशयास्पद बोट दिसली तर तिचा मालक कोण, हे त्याच क्षणी कळायला हवं, सकाळी कार्यालय उघडल्यावर नव्हे. बैठकीत यावर सगळे मान डोलावतात. पण रात्रीचा फोन कोण उचलणार, ते नावानिशी लिहून घ्यायला कुणी तयार नसतं.

आणि कोळी बांधव. 26/11 च्या रात्री कफ परेडच्या बधवार पार्कला डिंगीतून, म्हणजे रबरी होडीतून, उतरलेल्या हल्लेखोर पोरांना त्यांनीच हटकलं होतं. आज 1093 ही सागरी सुरक्षा हेल्पलाइन आहे. पण कळवणाऱ्यालाच परवाना दाखव, चौकीवर ये, असं सुरू झालं तर दुसऱ्यांदा तो फोन कशाला करील? खर्च नव्या खात्यावर करण्यापेक्षा इथे करावा. 'सागर कवच' हा किनारी सुरक्षेचा सराव संपल्यावर तुमच्या भागातल्या मच्छीमार सोसायटीला विचारून बघा, तुम्ही कळवलेल्या बोटीचं पुढे काय झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं का.