ताकातली बिस्किटं मऊ न होता कडक का होतात?

बहुतेक वेळा दोनच कारणं असतात: लोणी वितळलेलं असतं किंवा पीठ जास्त मळलेलं असतं. ही अमेरिकी पद्धतीची बिस्किटं कुरकुरीत नसतात, छोट्या पावासारखी फुगतात. त्यामुळे कणकेसारखं मळायचं नाहीच. मळलं की मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, ताणलं जातं आणि बिस्किट चिवट होतं.

250 ग्रॅम मैद्यात 2 छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि पाऊण छोटा चमचा मीठ चाळून घ्या. फ्रिजमधलं 85 ग्रॅम लोणी तुकडे करून बोटांच्या टोकांनी चोळा, वाटाण्याएवढे खडे राहू द्या. ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. मग 180 मिली थंड, घट्ट ताक. पातळ ताकाने पीठ सैल होतं, त्यापेक्षा आंबट दह्यात थोडं दूध घुसळून घ्या. गोळा जेमतेम जमला की थांबा. चिकट वाटला तरी मैदा वाढवू नका.

हाताने थापून तीन-चार घड्या घाला, जाडी अडीच सेंटिमीटर ठेवा. साचा सरळ खाली दाबा, फिरवू नका, नाहीतर कडा चिकटून बिस्किट वर येत नाही. मऊ कडांसाठी ती एकमेकांना टेकवून ठेवा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसला 13 ते 15 मिनिटं. ताक घातल्यावर उशीर नको, कारण सोडा लगेच काम सुरू करतो.