ठराव झाला, पुढे काय?

प्रश्न : भाची टोरांटोला असते. ती म्हणाली, तिथल्या संसदेने चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुस्लिमांवरच्या अत्याचारांना ‘वंशसंहार’ म्हटलंय. नुसत्या ठरावाने चीनचं काय वाकडं होणार? – निवृत्त शिक्षिका, वाशी

उत्तर : बाई, नुसत्या ठरावाने फारसं काही नाही. कॅनडात २२ फेब्रुवारी २०२१ला तो २६६ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला, पण पंतप्रधान ट्रुडो आणि जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ मतदानापासून लांब राहिलं. म्हणजे संसद बोलली, सरकार गप्प! एप्रिलमध्ये ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहानेही तसाच ठराव केला. तोही सरकारवर बंधनकारक नव्हता.

चटका बसतो तो कायद्याचा. अमेरिकेत जून २०२२पासून शिनजियांगचा कापूस वापरलेला कपडा सक्तीच्या मजुरीचाच धरून अडवला जातो. तसं नाही, हे आयातदाराने सिद्ध करायचं. नौपाड्यातला माझा शेजारी न्हावा शेवाहून तिकडे टी-शर्ट पाठवतो. पूर्वी बिल आणि पॅकिंग लिस्ट दिली की काम व्हायचं. आता गिऱ्हाईक विचारतं, सूत कुठल्या गिरणीचं, कापूस कुठला? परवा जिन्यात भेटला, तर हातात जिनिंगच्या (कापसातली सरकी काढण्याच्या) पावत्यांची ही जाडजूड फाइल.