काम कुठे संपतं, तेही लिही

प्रिय दोस्त,

सोसायटीच्या दुरुस्तीच्या टेंडरचा तू केलेला मसुदा मिळाला. अकरा पानांपैकी नऊ पानं अटी-शर्तींची आणि प्रत्यक्ष काम दोन पानांत. लवादाचं कलम आहे, अनामत रक्कम आहे, विम्याचंही आहे. आणि गच्चीसाठी एकच ओळ: 'गच्चीचे संपूर्ण वॉटरप्रूफिंग करणे.' पाच कंत्राटदार या ओळीचे पाच अर्थ लावतील आणि पाच दर भरतील. कमिटी त्यातला सगळ्यात स्वस्त उचलेल, म्हणजे ज्याने सगळ्यात कमी काम गृहीत धरलंय तो. मग तो एक्स्ट्रा आयटम मागत राहील, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं फारसं चुकणारही नाही.

गच्चीवर उभं राहून लिहायला बस. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) स्लॅबपर्यंत फोडायचा, की त्याच्यावरच कोटिंग मारायचं? फोडायचा असेल तर राडारोडा गच्चीवरून खाली कसा येणार, आवारात किती दिवस पडून राहणार, बाहेर कोण नेणार? लिफ्टमधून गोणी उतरवू लागले की रहिवासी दुसऱ्या दिवशी तुला फोन करतील. नव्या कोब्याचा उतार १:१०० लिही आणि तो कुठल्या पाइपाकडे, हेही लिही. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यात गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग भिंतीवर १ फूट चढवायचं. टाकीच्या पायांभोवती काय करायचं, हा प्रश्न तर हमखास राहतो. पाणी तिथूनच शिरतं.

आणि चाचणी. 'पाणी भरून तपासणे' पुरत नाही. १:१०० उतारात २० फुटांवर जवळपास अडीच इंचांचा फरक पडतो. पाइपाच्या तोंडाशी दोन इंच पाणी साठवलं तर वरचा काठ कोरडाच राहतो, आणि चाचणी मात्र 'पास'. म्हणून असं लिही: सर्वांत उंच जागी निदान १ इंच पाणी राहील इतकं भरायचं, ७२ तास ठेवायचं, आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या फ्लॅटची छतं कमिटीच्या माणसासमोर पाहायची. चाचणीचं पाणी कोणाचं? सोसायटीला टँकर मागवावा लागत असेल तर हा प्रश्न क्षुल्लक नाही.

बाहेरच्या गिलाव्याला तू ब्रासचा, म्हणजे शंभर चौरस फुटांचा, दर मागितलास, ठीक. पण मोजायचं कसं? खिडक्यांची वजावट होणार की नाही? ४ फूट बाय ४ फुटांच्या शंभर खिडक्या म्हणजे १६ ब्रास, बिलात सहज दिसणारा आकडा. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाच्या गिलाव्याच्या भागात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करत नाहीत, मोठ्या जागांसाठी वेगळे नियम आहेत. त्याचा आधार घ्यायचा तर तसं नाव घेऊन लिही. दुसरी पद्धत ठरवायची असेल तर तीही चालेल, फक्त टेंडर उघडायच्या आधी ठरव. छज्जे, ग्रिलच्या मागची भिंत, डक्टच्या आतल्या बाजू यांचंही तेच. परांची गिलाव्याच्या दरात धरलीय की वेगळी, हे एका वाक्यात सांगून टाक.

आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, दुरुस्तीचं प्रमाण आज कोणालाच ठाऊक नसतं. हातोडीने ठोकून पोकळ वाजतं तिथे फोडायचं, आणि आत सळई किती गंजलीय ते फोडल्यावरच कळतं. इथे लमसम, म्हणजे सगळ्याची मिळून एकच, रक्कम मागू नकोस. दर चौरस फुटावर घे, अंदाजी प्रमाण दे, आणि अट घाल: सळई उघडी असताना, मसाला भरण्याआधी, कंत्राटदार आणि सोसायटी दोन्ही बाजूंनी मिळून माप घ्यायचं, फोटो काढायचा, सही करायची. अंदाजापेक्षा १० टक्के जास्त व्हायला लागलं की काम थांबवून कमिटीला विचारायचं. एकदा भरून गिलावा झाला की आत किती फोडलं होतं याला साक्षीदार उरत नाही.

इमारत ३२ वर्षांची आहे, म्हणजे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आलंच. त्याचा अहवाल तू जोडलायस, चांगलं केलंस. पण अहवालात 'दुरुस्ती करावी' असं असतं. कुठली, किती आणि कशी, ते तुझ्याकडून यायला हवं. कॉलमचे नंबर अहवालातलेच ठेव, नवे देऊ नकोस.

आता मसुद्यात जे अजिबात नाही त्याबद्दल. 'या कामात समाविष्ट नाही' असं एक पान हवंच. फ्लॅटच्या आतलं प्लंबिंग, बाथरूमची गळती, सभासदांनी बसवलेली ग्रिल, एसीची आउटडोर युनिट काढून परत लावणं, कुंड्या, डिश अँटेना. उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी गळती सोसायटीने बघायची आणि घरातल्या बऱ्याचशा दुरुस्त्या सभासदाने स्वखर्चाने. पण परांची उभी राहिली की प्रत्येक मजल्यावरून कोणीतरी हाक मारणारच, 'अहो, तेवढी आमची खिडकी बघा ना.' मुकादम दोनदा 'हो' म्हणतो, तिसऱ्यांदा पैसे मागतो आणि भांडण सेक्रेटरींच्या दारात येतं. ते पान लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डावर मराठीत लावायला सांग. (कमिटीला हे आवडत नाही, तरी सांग.)

'आवश्यकतेनुसार', 'चांगल्या प्रतीचे', 'इत्यादी' हे जिथे जिथे आलंय तिथे मी पेन्सिलने गोल केलाय. सतरा गोल आहेत. प्रत्येक ठिकाणी आकडा, जागा किंवा नाव टाक. काहीच सुचत नसेल तर ती जागा तू अजून पाहिलेली नाहीस असं समज.

पावसाच्या आधी गच्ची उरकायची असेल तर टेंडर या महिन्यातच निघायला हवं, कारण कोबा आणि गिलावा दोन्हींना क्युरिंगचे, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवण्याचे, दिवस द्यावे लागतात. तेव्हा शनिवारी मापं घेऊन ये. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आदल्या दिवशीच मागून ठेव, आणि टाक्यांच्या मागच्या बाजूचे फोटो विसरू नकोस.

तुझा,
काका