बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर मुलगी सारखी डोळे चोळते, फळ्यावरचं उतरवताना चुकते. नंबर लागला असेल का?

असेलही, पण नुसता दुकानात नंबर काढून घरी येऊ नका. आम्ही तेच केलं आणि एक वर्ष वाया घालवलं.

माझ्या मुलाला ब्लड कॅन्सर होता. सहाव्या वर्षी ट्रान्सप्लांट झालं, त्याच्या ताईच्या पेशी घेऊन. आधी पूर्ण अंगाला रेडिएशन, नंतर जीव्हीएचडी झाला, म्हणजे ताईच्या पेशी त्याच्याच शरीरावर हल्ला करायला लागल्या, म्हणून कित्येक महिने स्टिरॉइड. शाळेत परत गेला तेव्हा फळ्यावरची गणितं उतरवताना ओळ सुटायची, दशकाच्या घरातला आकडा एककाच्या घरात पडायचा. डायरीत शेरा: 'लक्ष नसते.' लक्ष्मी रोडच्या दुकानात तक्ता वाचून घेतला, सहा बाय सहा! मग थोरले भाऊजी, निवृत्त मास्तर, म्हणाले, "नजर उत्तम आहे. मोबाईल काढून घ्या, लाड कमी करा." मी काढून घेतला. हॉस्पिटलच्या बंद खोलीत तोच त्याचा सोबती होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

कर्वे रोडवर दुपारच्या उन्हात तो स्कूटरवर माझ्या पाठीत तोंड खुपसून बसायला लागला, तेव्हा शंका आली. मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली. ५ मिनिटांत जेमतेम ३ मिलिमीटर भिजली. अश्रूच नव्हते, म्हणून तोही डोळे चोळायचा. भिंगांच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूची सुरुवातही होती. रेडिएशन आणि स्टिरॉइड, दोन्हींनी तो होतो. असा मोतीबिंदू उन्हात जास्त त्रास देतो, दुकानातल्या तक्त्यावर कळतही नाही.

आणि तक्ता फक्त अक्षर स्पष्ट दिसतं का एवढंच सांगतो. दिसलेलं हाताने कागदावर उतरवणं हे मेंदूचं काम. मानसशास्त्रज्ञांनी आकृत्या बघून काढायला लावल्या, त्यात तो वयाच्या मानाने बराच मागे निघाला. आता बाई त्याला गणितं छापून देतात.

तुमच्या मुलीचं ट्रान्सप्लांट थॅलेसेमियासाठी झालं असेल तर रेडिएशन बहुधा दिलेलं नसेल. पण आधी डेस्फेरॉल (अंगातलं जादा लोह काढणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही डोळ्यांना इजा होऊ शकते. स्टिरॉइड झालं असेल तर डोळ्यातला दाब मोजून घ्या. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका.

घरात कोणी मोबाईलवर खापर फोडत असेल तर त्यांना तपासणीला सोबत न्या. मी भाऊजींना नेलं नाही. ते अजून मोबाईलच म्हणतात.