गोळी सुरू केल्यावरचे पहिले पंधरा दिवस: गोव्यातल्या साखळी गावच्या मित्राला उत्तर

तू २७ वर्षांचा, म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा, म्हणून 'तू' म्हणतो. तुझं लिहिणं दोनदा वाचलं. साखळीहून वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाताना बसमध्ये छातीत धडधडून मध्येच उतरावं लागायचं, डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही भीती-नैराश्यावरची गोळी १० मिग्रॅ दिली, आणि आज सहावा दिवस. मळमळ, झोप नाही, तोंड कोरडं, आणि भीती कमी व्हायची ती वाढलीच. आई म्हणते, सवय लागेल, टाकून दे. तू विचारतोस, टाकू का?

टाकू नकोस. पण मुकाट सोसूही नकोस. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर. माझं उत्तर एवढंच आहे. पुढचं लिहितो ते अशासाठी की फोनवर नेमकं काय बोलायचं ते तुला ठाऊक असावं. मी डॉक्टर नाही. फोंड्यात राहतो, आणि पॅनिकसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांसाठी, गेली ११ वर्षं कधी गोळीवर, कधी गोळीशिवाय आहे.

आधी भीती का वाढली ते. या गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिनवर, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनावर, काम करतात. तो बदल पहिल्या दिवसापासून सुरू होतो, पण मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो ते काही आठवड्यांनी. मधल्या काळात काही जणांना हातपाय थरथरणं, बेचैनी, पहाटे दचकून जागं होणं असं होतं, आणि ज्याला मुळात भीतीचाच आजार त्याला ते फार जाणवतं. फायदा दिसायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात वाटलं की आपल्यावर औषध चालतच नाही. पॅनिकच्या रुग्णाला पहिला आठवडा ५ मिग्रॅ देऊन मग १० वर नेण्याची पद्धत आहे. तुला थेट १० का दिली हे मी सांगू शकत नाही, पण 'काही दिवस ५ वर आणता येईल का?' हा प्रश्न तू हक्काने विचारू शकतोस.

मळमळीचं कारण साधं आहे. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे गोळीचा पहिला दणका पोटाला बसतो. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. रिकाम्या पोटी घेऊ नकोस. मी उकड्या तांदळाची पेज आणि मिठातल्या आंब्याची फोड एवढंच खाऊन लगेच गोळी घ्यायचो. मसालेदार हुमण (माशांची आमटी) आणि तळलेलं त्या दिवसांत नकोच वाटायचं. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं खा. तोंड कोरडं पडतं त्याला पाण्याचे घोट. घाम मात्र आपल्या हवेत फार छळतो, मे महिन्यात तर शर्ट बदलून पुरत नाहीत. पाणी जास्त पी आणि चहा-कॉफी कमी कर, कारण तीच धडधड कॉफीनेही वाढते.

झोप उडत असेल तर गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री, पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचार. तुझ्या पाळ्या बदलतात, तर उठल्यानंतरच्या पहिल्या जेवणाशी गोळी जोडता येईल का तेही विचारून घे. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. गुंगी आहे तोवर रात्रपाळीहून स्कूटरने येऊ नकोस.

आता ती यादी. तू लिहिलंस की रात्री दोन वाजता मोबाइलवर दुष्परिणाम वाचत बसतोस. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना सांगितलं की परिणाम घडतो तो प्रयोग करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या शक्तीने नव्हे, तर समोरच्याच्या मनातून. औषधांच्या चाचण्यांत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांनाही मळमळ आणि डोकेदुखी होते, ती याच वाटेने. तुझा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. मळमळ खरीच आहे. पण यादी वाचून वाट पाहणारं मन तो वाढवतं. यादी बंद कर, त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिही: भीती दहापैकी किती, मळमळ दहापैकी किती. तिसऱ्या आठवड्यात मागे वळून पाहशील तेव्हा मनाच्या आठवणीपेक्षा ते आकडे खरं सांगतील, आणि डॉक्टरांनाही तेच हवे असतात.

शेवटी तू लिहिलंस, 'आणखी एक गोष्ट आहे पण इथे लिहायला लाज वाटते, डिसेंबरात लग्न आहे.' मला वाटतं मला कळलं. या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर होणं हे फार जणांना होतं, आणि मळमळीसारखं ते दर वेळी आपोआप जात नाही. लाजेपोटी पुरुष हे कुणाला सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. मी वर्षभर गप्प बसलो. बायकोला वाटलं माझंच मन उडालं. शेवटी सांगितलं तर डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि पुढे औषध बदललं. या बाबतीत कमी त्रास देणारी औषधं आहेत, तुला कुठलं चालेल ते त्यांनी ठरवायचं. फोनवर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या पुढ्यात ठेव. ते त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

आईला सवयीबद्दल काय सांगशील? या गोळीची नशा लागत नाही, दारूसारखी ओढ लागत नाही. पण शरीर तिला सरावतं, म्हणून अचानक सोडता येत नाही. सोबत झोपेसाठी क्लोनाझेपाम दिली असेल तर आईची भीती त्या गोळीच्या बाबतीत रास्त आहे. ती किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची ते आत्ताच विचारून ठेव. आईला देवळात कौल लावायचा असेल तर जरूर जाऊ दे, तिच्या जिवाला बरं वाटेल. गोळी मात्र चालू राहू दे.

अचानक सोडणं म्हणजे काय ते मी भोगलंय. तेव्हा माझी गोळी पॅरोक्सेटिन होती, तुझ्या गोळीच्याच जातीची. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवडाभर आधी बरं वाटत होतं म्हणून स्वतःच बंद केली. चवथीला स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं झालं, मान वळवली की घर फिरायला लागलं. भावाने हात धरून खाली उतरवलं. आजार परतला असं सगळ्यांना वाटलं. तो आजार नव्हता, गोळी एकदम सोडल्याचा परिणाम होता. बरं वाटायला लागल्यावरही सहसा ६ ते १२ महिने चालू ठेवतात आणि मग आठवड्या-महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवतात.

बाकी जपायचं ते असं. अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक फार्मसीतून आपल्या मनाने आणू नकोस, या गोळीसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. सहसा पॅरासिटामॉल चालते. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप विचारल्याशिवाय नको. उर्राकाचा (काजूच्या दारूचा) मोसम असो की मित्राकडची पार्टी, दारू टाळ. क्लोनाझेपाम घेत असशील तर एक ग्लासही नको.

आणि काही गोष्टींसाठी सकाळची वाट पाहायची नसते. जीव द्यावासा वाटणं, एका जागी बसवत नाही इतकी तगमग, दोन-तीन दिवस झोप नसूनही अंगात विचित्र जोर आणि बोलण्याचा वेग, किंवा ताप, स्नायू ताठरणं, थरथर, जुलाब आणि गोंधळ हे एकत्र. असं काही झालं तर घरच्यांना लगेच सांग, १०८ ला फोन कर किंवा बांबोळीला घेऊन जायला सांग. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) आणि आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था दोन्ही तिथेच आहेत. बांबोळीचं नाव काढलं की आपल्याकडे शेजारीपाजारी कुजबुजतात हे मला माहीत आहे. मी तिथल्या ओपीडीच्या बाकावर शिक्षक पाहिले, बसचालक पाहिले, माझ्यासारखे कारकूनही पाहिले. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे.

उद्याच्या फोनसाठी आजच कागदावर चार ओळी लिही: कितवा दिवस, कुठली गोळी किती वाजता, कोणता त्रास किती, सोबत दुसरं काय घेतोस. पाळीवर निघण्याआधी बोलून घे. ५ वर आणायचं म्हणाले की तशीच चालू ठेवायला सांगितली, ते मला संध्याकाळी कळव.