वर्कशॉपमधली आग विझली, मशीनं वाचली. आता पुसून सुरू करायची का?

तुमचा प्रश्न असा: भोसरीतल्या युनिटमध्ये रात्री मेन पॅनल पेटलं, पावडरचे सिलेंडर आणि अग्निशमन दलाचं पाणी मारून विझवलं. दोन सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी) आणि एका व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर, नुसती काजळी आहे. विम्याचा सर्व्हेअर दोन दिवसांनी येणार, आणि तोवर कशालाही हात लावू नका असं सगळे सांगताहेत.

पॅनलला हात लावू नका. मशीनला मात्र आजच लावा.

ही चुलीची काजळी नव्हे. केबलचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, धुराबरोबर शेडभर बसतो आणि दमट हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. वर एबीसी सिलेंडरची पावडर, म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. तीही पाणी ओढते आणि आम्लच देते. म्हणजे आगीतून वाचलेलं मशीन नंतर गंजून जातं, आणि पावसाळ्यात तर फार लवकर. खात्री करायची तर डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेला पीएच पेपर (आम्ल ओळखायचा कागद) काजळीवर दाबून बघा. लालसर झाला तर थांबायला वेळ नाही.

पॉलिसीतच विमेदाराने नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी अशी अट असते. म्हणून विमा कंपनीला आणि सर्व्हेअरला ईमेल करा: ‘गंज रोखण्यासाठी आज मशीनची प्राथमिक साफसफाई करत आहोत.’ प्रत्येक मशीनचे चारी बाजूंनी, नेमप्लेट आणि सीरियल नंबरसकट फोटो काढा, आणि मगच कामाला लागा.

ओलं फडकं आणि एअर गन, दोन्ही दूर ठेवा. फडक्याने काजळी रंगात मुरते. हवेच्या झोताने ती बेअरिंगमध्ये, बॉलस्क्रूच्या वायपरखाली आणि इलेक्ट्रॉनिक कार्डांवरच्या आयसींच्या (चिपच्या) पायांत जाते; काजळी वीजवाहक असते. आधी मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम, तोही हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचा. मग गाइडवे, चक, स्पिंडल टेपर, टरेट असा उघडा धातू सॉल्व्हंटने पुसून त्यावर रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल. कूलंट काढून टाका, टाकी धुवा. शेडमधलं पाणी उपसून, धूर बाहेर गेल्यावर दारं लावा आणि भाड्याचा डीह्युमिडिफायर चालवा. आर्द्रता ४० टक्क्यांखाली आली की गंजाचा वेग बराच कमी होतो.

छप्पर ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचं असेल आणि पत्रे तडकले असतील, तर कोरडा झाडू मारू नका. तुकडे ओले करून, पी-१०० फिल्टरचा मास्क लावूनच उचला; इथे एन-९५ पुरत नाही. काँक्रीट गुलाबी पडलं असेल तर ते साधारण ३०० अंशांच्या वर तापलेलं आहे. त्या कॉलमखाली कामाला कुणाला उभं करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

चाचणीसाठी म्हणूनसुद्धा मशीन ऑन करू नका. ड्राइव्ह (मोटारीला वीज देऊन वेग सांभाळणारं युनिट) आणि कंट्रोल कार्डं सर्व्हिस इंजिनिअरकडून काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून घ्या. मोटारीचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा, पण ड्राइव्हकडून मोटारीला जाणाऱ्या यू-व्ही-डब्ल्यू वायरी सोडवून. जोडलेल्या वायरीवर मेगर मारला तर आगीतून वाचलेला ड्राइव्ह तुमच्याच हाताने जातो, आणि हे वारंवार घडतं. १ मेगओहमच्या खाली आलं तर वाइंडिंग सुकवा. काजळी बसलेले काँटॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) साफ करत बसू नका, बदला. कंट्रोलरची बॅटरी जुनी असेल तर मशीन बरेच दिवस बंद राहिल्यावर पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग्ज, उडतात. त्यांचा बॅकअप कुठे आहे ते आत्ताच शोधा.

जळकं पॅनल, केबलचे तुकडे, वितळलेले तांब्याचे मणी, सगळं जागच्या जागी राहू द्या. आग कुठे सुरू झाली ते त्यावरून कळतं. भंगारवाल्याला सर्व्हेअरच्या लेखी संमतीशिवाय काहीही देऊ नका. बहुतेक अग्नी पॉलिसींत शॉर्टसर्किट झालेलं उपकरण स्वतः वगळलेलं असतं, पण त्यातून पसरलेल्या आगीने झालेलं बाकीचं नुकसान मिळतं. त्यामुळे क्लेममध्ये पॅनल आणि बाकी मशीनं वेगळी मांडा.

कागदांत अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिस पंचनामा, मशीनची बिलं, स्टॉक स्टेटमेंट. जॉबवर्कला आलेला ग्राहकाचा माल डिलिव्हरी चलनांसकट वेगळा दाखवा. पॉलिसीत ‘विश्वासाने ठेवलेला माल’ नसेल तर त्याचे पैसे मिळणं कठीण. विमा कमी रकमेचा असेल तर कात्री लागते: मालमत्ता १ कोटीची, विमा ६० लाखांचा, तर १० लाखांच्या नुकसानाला ६ लाख. ५ कोटींपर्यंतच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. नष्ट झालेल्या मालाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट) जीएसटीच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे उलटवावं लागतं, ते सीएला आधीच सांगा.

आणि वापरलेले सिलेंडर, अगदी एकदाच दाबलेलेसुद्धा, भरायला पाठवा. व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून प्रेशर हळूहळू उतरतं.